अमावस्येची शिरगणती

वनपाल महादेवप्पा कोरे यांच्या घरात अमावस्या हा शुभ दिवस मानत. गल्लीत ही गोष्ट कुणाला पटत नसे. शेजारच्या घरी अमावस्येला पोराचे केस कापत नसत, गावाला निघत नसत, नवे लुगडे नेसत नसत. कोरे यांच्याकडे मात्र घराचा पाया अमावस्येला खणला होता, विहिरीला अमावस्येला हात घातला होता, आणि महादेवप्पांचे लग्न ठरवायला वडीलधारी मंडळी अक्कलकोटला गेली तीही अमावस्येलाच. विहिरीला पाणी चांगले लागले होते. लग्नाबद्दल महानंदाबाई काही बोलत नसत.

तेव्हा बोरसंगीच्या हिरेमाळावरचे पक्षी मोजायचे सरकारी काम अंगावर आल्यावर महादेवप्पांनी ते अमावस्येला धरले, यात त्यांच्या दृष्टीने विशेष काही नव्हते.

हिरेमाळ म्हणजे मोठा माळ. नाव ठेवणाऱ्याने फारसा विचार केला नव्हता, आणि माळाकडे पाहिले तर करण्यासारखा विचारही नव्हता. पोटरीपर्यंत कुसळी गवत, मधूनमधून तरवड, एखादी खुरटी बोर, आणि बाकी सगळे आभाळ. बाहत्तरच्या दुष्काळात माळाच्या उगवतीच्या कडेला खडी फोडायचे काम निघाले. दुष्काळ गेला, खाण राहिली. अक्कलकोट रोडला कारखान्यांच्या शेडी उठत होत्या, रस्ते रुंद होत होते, आणि या सगळ्याच्या पायात हिरेमाळ थोडाथोडा जाऊन बसत होता. खाण हिंदुराव माने यांनी घेतली होती.

त्याच माळावर माळढोक होते. माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच पक्षी. चालतो असा, की जमीन त्याच्या बापजाद्यांची असावी. सातबाऱ्यावर मात्र त्याचे नाव नव्हते. हा पक्षी इथे आहे हे धनगरांना पिढ्यान्पिढ्या माहीत होते; सरकारला त्या सुमारास कळले. कळल्याबरोबर हुकूम निघाला, की खाणीच्या आसपासचे वन्य पशुपक्षी आणि त्यांची राहण्याची जागा यांची वेळोवेळी पाहणी करावी. हुकमासोबत एक दुर्बीण आली. तिचा डावा डोळा धुरकट होता, त्यामुळे महादेवप्पा उजव्या डोळ्याने सरकारी काम करत आणि डाव्याने वाट बघून चालत.

पहिल्याच दिवशी हिंदुराव खाणीच्या तोंडाशी त्यांना भेटले. आडदांड, मोकळा माणूस. आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे.

"पाखरं मोजायला आलाय व्हय? मोजा की. पर हितं रोज सुरुंग उडत्यात बघा. उडाल्याला धोंडा वनपाल वळखत न्हाई."

"मग कधी यावं म्हणता?"

"अमावस्येला या. त्या दिवशी खाण बंद. अमावस्येला वातीला काडी लावायची न्हाई, ही आमच्या कोंडीबाची रीत. त्याच्या बापापासनं चालत आल्याली. मी मालक हाय, पर त्या दिवशी माझंबी ऐकत न्हाई त्यो."

कोंडीबा हा खाणीचा सुरुंगवाला. त्याने मालकाच्या बोलण्याला दुजोरा म्हणून दोन्ही पंजे वर करून दाखवले. दाही बोटे जागेवर होती. त्या धंद्यात एवढा दाखला पुरे होता.

महादेवप्पांना ही सोय फार आवडली. एका घरात अमावस्येला काम धरायचे, दुसऱ्या घरात अमावस्येला काम सोडायचे. दोन रीती एकमेकींत अशा चपखल बसल्या, की मधून वारासुद्धा जाऊ नये.

"एन्री," महानंदाबाई नवऱ्याला कानडीत हाक मारून दर महिन्याला भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देताना विचारत, "सरकारला दुसरा दिवस मिळत नाही का?"

"चांगला दिवस आहे."

"दिवस चांगला आहे ओ. पण चांगल्या दिवशी माणूस चांगल्या ठिकाणी जातो."

महादेवप्पा सायकलवर टांग टाकत. ते कुठे जातात हे बायकोला सांगता येण्यासारखे नव्हते. म्हणजे गुपित होते असे नाही. सांगायला शब्द सापडत नव्हते. माळाच्या मधोमध एक बुटके टेकाड होते. त्यावर पालथे पडून दुर्बिणीला डोळा लावला, की नोकरी, बढती, ब्लडप्रेशर हे सगळे गवतात बुडून जाई. एकदा त्यांनी नर फुललेला पाहिला. गळ्याची पांढरी पिशवी जमिनीपर्यंत सोडून, शेपटी पाठीवर उलटी टाकून तो उभा होता, आणि दर थोड्या वेळाने मातीच्या पोटातून यावा तसा "हूम" असा आवाज काढत होता. मादी जवळच किडे टिपत होती. तिने मान वर करून बघितलेसुद्धा नाही. महादेवप्पांना त्या नराबद्दल अपार आपुलकी वाटली.

अशी दोन वर्षे गेली. दर अमावस्येला पक्षी असत; माळढोक असत, तित्तर असत, काळविटांचा कळप खाणीच्या अगदी कडेपर्यंत चरत येई. महादेवप्पा दिसेल ते प्रामाणिकपणे लिहीत, आणि खाली एक ओळ घालत: खाणीच्या कामाचा पशुपक्ष्यांवर अनिष्ट परिणाम दिसून येत नाही. वर गेलेला कागद सहसा परत येत नाही. हा आला, आणि येताना शाबासकी घेऊन आला. सरकारला आनंद देणारे पक्षी त्या काळात थोडेच होते.

हिंदुरावांनी मग खाण मावळतीकडे वाढवायची परवानगी मागितली. थेट टेकाडापर्यंत. यात त्यांची काही लबाडी होती असे नाही. खाणीचा त्रास होत नाही असे लिहिलेले होते, ते त्यांनी वाचले.

महादेवप्पांना तरी त्यात वावगे दिसले नाही. वावगे दिसले ते दुर्बिणीमुळे, आणि तेही दुर्बीण डोळ्याला नसताना.

ज्येष्ठातल्या अमावस्येला ते दुर्बीण टेकाडावरच्या बोरीला अडकवून विसरून आले. सरकारी दुर्बीण हरवणे म्हणजे काय, हे सरकारी माणसालाच कळते. पक्षी हरवला तर एक वेळ चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल दामटत परत गेले. दुर्बीण जागेवर होती. माळावर माळढोक होते, कालचेच. महादेवप्पांना बरे वाटले. आलोच आहोत तर घटकाभर बसावे, म्हणून ते टेकले.

खाणीकडून शिट्टी वाजली. कोंडीबा लाल फडके हलवत होता. सुरुंग उडायला अवकाश होता, पण शिट्टीसरशी काळविटांचा कळप वळला आणि एका रेघेत दिसेनासा झाला. माळढोकांनी माना ताठ केल्या. त्यातला सगळ्यात थोराड नर चार ढांगा पळाला, जड अंगाने उठला, आणि त्याच्यामागे बाकीचे. मग सुरुंग उडाला. टेकाड अंगाखाली हलले.

परत येतील, असे महादेवप्पा मनात म्हणाले. दुपारी पुन्हा शिट्टी झाली. संध्याकाळपर्यंत माळावर एक सरडा आणि एक वनपाल एवढेच उरले. ते दुसऱ्या दिवशी गेले, नंतरच्या सोमवारी गेले, बाजारच्या दिवशी गेले. माळ पाटीसारखा कोरा. पक्षी खाण बंद असेल तेव्हाच तेवढे इथे येत होते, आणि महादेवप्पाही तेव्हाच तेवढे मोजायला येत होते. दोन वर्षे त्यांनी माळ कधी पाहिलाच नव्हता. पाहिली होती ती सुटी.

रेंजरसाहेबांच्या टेबलापुढे उभे राहून त्यांनी हे सांगितले.

रेंजर चांगला माणूस होता. त्याने पंखा मोठा केला. "कोरे, दोन वर्षं तुम्ही म्हणता पक्षी आहेत. आता म्हणता नाहीत. मी वर काय सांगू? पक्षी खोटे की तुम्ही?"

"पक्षी खरे, साहेब."

"मग राहिलं कोण?"

महादेवप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

"बसा. चहा घ्या. प्रांतसाहेब स्वतः जागा बघायला येणार आहेत. हट्टी माणूस आहे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करत नाही. काय सांगायचं ते तिथं सांगा. पण मुद्द्याचं सांगा, अमावस्या-बिमावस्या नको."

आषाढात पाऊस दणकून झाला. खाणीत पाणी भरले, सुरुंग बंद पडले, माणसे गावी गेली. माळावर शिट्टी वाजेना. आणि मग पक्षी आले. एकेक करत आले आणि अमावस्या नसतानाही राहिले. महादेवप्पा आता हवे तेव्हा जात. वाढीव खाणीसाठी मागितलेल्या पट्ट्यात, चुना मारलेल्या दगडापासून थोड्या अंतरावर, एक मादी रोज एकाच जागी खाली बसते हे त्यांच्या लक्षात आले. ती चरायला उठल्यावर ते पोटावर सरकत जाऊन बघून आले. उघड्या जमिनीवर, ना काडी ना पिसाचे अंथरूण, एकच अंडे होते. मातकट हिरवे, वर तपकिरी डाग. माळढोकाची मादी वर्षाला घालते ते हे एवढेच.

हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. रेंजरला नाही, महानंदाबाईंना नाही. सांगितले की बघायला माणसे येतील, माणसांमागे कुत्री येतील. कोंडीबा दोन गडी घेऊन त्याच पट्ट्यात दगडाचा कस बघायला भोके पाडून गेला, तेव्हा छिन्नीचे ठोके ऐकत महादेवप्पा टेकाडावर ओठ चावत पडून होते. मादी उठून गेली, गडी गेल्यावर परत आली, बसली. त्या रात्री त्यांना भाकरी गोड लागली.

प्रांतसाहेब आले ते उघडिपीच्या दिवशी, सकाळी. तरणे होते, उमदे होते, आणि डांबरी रस्ता सोडून चालायला तयार होते. जीप खालीच ठेवून ते टेकाडावर चढले. बरोबर हिंदुराव आणि मागून कोंडीबा. महादेवप्पांनी दुर्बीण पुढे केली. साहेबांनी ती डोळ्याला लावली, उतरवली, डावा डोळा मिटून पुन्हा लावली.

"अरे वा. कोरे, हे तर भरपूर आहेत!"

"हायत की," हिंदुराव म्हणाले. "मला म्हाताऱ्याला लांबचं दिसत न्हाई म्हणा. मला सगळी कोंबडीच वाटत्यात. पर हायत."

"साहेब," महादेवप्पा म्हणाले, "खाणीत पाणी आहे. सुरुंग बंद आहेत. म्हणून आहेत."

"दोन वर्सं खाण चालूच हुती, साहेब. तवाबी हुतीच. ह्यांच्याच हातचं लिवल्यालं हाय. मी आपलं दाखवायचं म्हणून दाखवतो."

"मी अमावस्येला मोजत होतो. अमावस्येला खाण बंद असते."

प्रांतसाहेबांनी दुर्बीण खाली घेतली. "दोन वर्षं? फक्त अमावस्येला?"

"होय, साहेब."

"का?"

मुद्द्याचे सांगा, असे रेंजर म्हणाला होता. मुद्दा एवढाच होता. "आमच्यात चांगला दिवस मानतात."

हिंदुराव तोंडावर उपरणे धरून खोकले. साहेब हसले नाहीत. त्यांनी महादेवप्पांकडे, मग माळाकडे, मग पुन्हा महादेवप्पांकडे पाहिले. "म्हणजे तुमचं लिहिलेलं धरायचं, की तुमचं बोललेलं?"

"बोललेलं, साहेब."

"कोर्टात असं चालत नाही." त्यांनी खाणीकडे पाहिले. "पण हे कोर्ट नाही. हिंदुराव, आत्ता एक सुरुंग उडवता येईल?"

"जुन्या अंगाला पाणी हाय, साहेब. पर नव्या पट्ट्यात कोंडीबानं भोकं पाडून ठेवल्यात. काय रे कोंडीबा?"

"दारू ठासायची, वात घालायची. लगीच हुतंय."

"मग तोच उडवा. पक्षी जागेवर राहिले, किंवा थोडे उठून परत बसले, तर तुमचं काम झालं."

"आन् सगळी उठून गेली तर?"

"तर खाण आहे तिथंच राहील. कबूल?"

हिंदुरावांनी माळाकडे डोळे बारीक करून पाहिले. "कबूल साहेब. माझी पाखरं हायत, मला न्हाई सोडून जायची."

"कोरे? तुमची काही हरकत?"

हरकत चुन्याच्या दगडापासून थोड्या अंतरावर बसली होती. जागा ठाऊक असल्याशिवाय दिसत नव्हती. गवतात मातकट रंगाची एक ओळ, आणि त्यातून निघालेली मान. भोकांपासून ती हाकेच्या अंतरावर होती.

महादेवप्पांचे तोंड उघडले होते. साहेब, तिथे अंडे आहे, एवढेच म्हणायचे होते. मग काय झाले असते, तेही त्यांना स्वच्छ दिसत होते. साहेब म्हणाले असते, अंडे? खाणीला लागून? मग त्रास कसला म्हणता? हिंदुराव म्हणाले असते, पिल्लू निघेपर्यंत थांबतो की साहेब, लेकुरवाळीला कोण उठवतंय. आणि खरोखरच थांबले असते, कारण माणूस तसा होता. पिल्लू निघाले असते. मग सही झाली असती, आणि मग दिवाळीनंतर या टेकाडाचीही खडी झाली असती. दुसरीकडे भोके पाडा म्हणावे, तर त्यात दिवस जाणार, आणि साहेबांना पुढे करमाळ्याला जायचे होते. गेलेला प्रांत परत यायला दुष्काळ पडावा लागतो.

मादी परत येईल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. छिन्नीला उठली होती, परत आली होती.

"कोरे, काही म्हणायचंय का?"

"नाही, साहेब. उडवा."

कोंडीबा खाली गेला. टेकाडावर चौघांऐवजी आता तिघे उरले. कोंडीबाला वेळ लागला. वाकलेला तो दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे ती मान ताठ झालेली महादेवप्पांना दिसत होती. मग तो दूर पळाला आणि शिट्टी वाजली.

काळविटे पहिली गेली. मग माळाच्या टोकाकडचे माळढोक. मग जवळचे, दोनदोन तीनतीन, धावत, जड पंख हाणत. प्रांतसाहेब बोट नाचवत मोजायला लागले आणि त्यांनी नाद सोडला. मादी उठली नाही. तिने मान जमिनीसपाट केली. महादेवप्पांना पुढचे काही क्षण असे वाटले, की ही आता आपल्याला खोटे पाडणार. बसून राहणार, सुरुंगातही बसून राहणार, आणि माळ जाणार. आणि त्याच क्षणी त्यांना असेही वाटत होते, की बस, बाई, उठू नको.

सुरुंग उडाला. दगड वर गेले, धूर वर गेला, आणि धुराच्या अंगाने ती शेवटी उठली.

"ही एवढ्या जवळून कोण उठली?" साहेबांनी विचारले.

"मादी, साहेब."

"एकटीच?"

"एकटीच."

दगड पडायचे थांबले. माळावर काही हलत नव्हते. साहेबांनी शिस्तीत वाट पाहिली. हिंदुरावांनी मागितली असती त्याहून जास्त. एक टिटवी तेवढी ओरडत फिरत होती. शेवटी साहेबांनी दुर्बीण महादेवप्पांच्या हातात दिली.

"हिंदुराव, कबूल केलंत ते केलंत."

"केलं, साहेब."

"कोरे, तुम्ही दोन वर्षं चुकलात आणि आज बरोबर निघालात. असं फार थोड्यांचं होतं." त्यांनी हात पुढे केला. महादेवप्पांनी तो हातात घेतला. साहेब खाली उतरले, जीप रस्त्याला लागली, कोंडीबा टपावरची शिडी धरून तिच्याबरोबर गावाकडे गेला.

महादेवप्पा टेकाड उतरून पट्ट्याकडे चालू लागले. मागून हिंदुराव येत होते, आणि तोंडाने चालू होतेच.

"वनपालसाहेब, दोन वर्सं चा पाजला तुमास्नी. अमावस्येच्या अमावस्येला. धोंडा लागंल म्हणून काळजानं सांगितलं, अमावस्येला या. आन् तुमी त्योच धोंडा माज्या डोक्यात घातला. घाला. मी म्हणतो घाला. पर आदी सांगायचं तरी, की हिंदुराव, मी असं असं बोलणार हाय. मीबी चार शबूद..."

ते थांबले, कारण महादेवप्पा थांबले होते. पुढे जमिनीवर अंडे होते. सुरुंगाची माती त्याच्यावर बसली होती. फुटले नव्हते. एक मुठीएवढा दगड त्याच्याजवळ येऊन पडला होता.

हिंदुराव वाकले. जवळचे त्यांना चांगले दिसे. बराच वेळ ते वाकूनच राहिले.

"हे... तिचं?"

"होय."

"तुमाला ठावं हुतं?"

महादेवप्पांनी मान डोलावली.

"शिट्टी व्हायच्या आदी ठावं हुतं?"

"होय."

हिंदुराव ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता, आणि त्या जागी जे आले होते त्यापेक्षा राग बरा होता. "मला ठावं असतं तर मी न्हाई उडवला बघा," ते म्हणाले. "खाण गेली तर गेली. न्हाई उडवला."

हे खरे होते. महादेवप्पांना ते खरे आहे हे माहीत होते, म्हणून तर सांगितले नव्हते.

ऊन वर आले होते. हिंदुरावांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि अंड्यावर धरायला गेले.

"नको. माणसाचं काही दिसलं तर ती येणार नाही. आपण इथं आहोत तोवर येणार नाही."

"आन् आपण गेलो आन् कावळा आला तर?"

दोघे परत टेकाडावर गेले आणि बोरीआड बसले. हिंदुरावांना जाता आले असते. त्यांचे काम संपले होते. ते गेले नाहीत. महादेवप्पांनी भाकरी सोडली, अर्धी पुढे केली. हिंदुरावांनी ती घेतली आणि हातात धरून बसले.

दुपार कलली. माळाच्या पलीकडच्या अंगाला गवतात एक मान दिसली. गेली. पुन्हा दिसली, जवळ. ती चालत येत होती. दहा पावले टाकायची, थांबायची, खाणीकडे बघायची.

"आली का?"

"येतेय."

"मला कायबी दिसंना. सांगत राव्हा."

तेवढ्यात दोन कावळे खाणीच्या कडेवरून उठून पट्ट्यात उतरले. एक चुन्याच्या दगडावर बसला. दुसरा खाली उड्या मारत निघाला. महादेवप्पांनी उठून हात हलवला असता तर कावळे उडाले असते, आणि मादीही. पुन्हा आली नसती. ते बसून राहिले. त्यांचा हात जमिनीवरच्या एका दगडाभोवती आवळला होता. दगड तिथवर पोचणार नव्हता आणि पोचला असता तरी मारता आला नसता. कावळ्याने मान तिरकी केली. एकदा वाकला, दुसऱ्यांदा वाकला. दगडावरचाही खाली आला.

"काय चाललंय?"

"येतेय अजून."

शेवटचे थोडे अंतर मादी धावत आली. कावळे उठले, एकाच्या चोचीतून काहीतरी ओघळत होते. ती त्या जागी उभी राहिली. खाली बघितले. चोच लावली, एक पाऊल मागे घेतले, पुन्हा चोच लावली. मग तिने अंगाखालची पिसे फुलवली, पाय मुडपले आणि जसे रोज बसायची तसेच, दोन्ही बाजूंना हळूहळू झोके घेत, त्या ओल्या कवचांवर बसली.

महादेवप्पांच्या दुर्बिणीचा उजवा डोळा चांगला होता.

"आता तरी सांगा की ओ," हिंदुराव कासावीस होऊन म्हणाले. "बसली का?"

"बसली."

"नीट बसली न्हवं?"

"नीट बसली."

हिंदुरावांनी हातातली अर्धी भाकरी दोन्ही हातांनी कपाळाला लावली, आणि मग सावकाश खायला सुरुवात केली.